पान आधी, अर्थ मागून

आबा वाईट नव्हते, हे आधीच सांगून टाकते. पुढचं वाचून तुम्ही त्यांना वाईट ठरवाल, आणि एकदा तसं ठरवलं की सगळं सोपं होऊन बसतं. मला ते इतक्या वर्षांत सोपं झालेलं नाही, तर तुम्हाला का व्हावं?

आबा म्हणजे माझे सासरे. तापीच्या अल्याड, शहाद्याच्या बाजूला, आमचं गाव आणि पल्याड, नंदुरबारकडे, माझं माहेर. केळी, कापूस, दोन विहिरी, गोठाभर जनावरं, सगळं यथास्थित होतं. माणूस तेवढा तऱ्हेवाईक. छत्री ते उन्हाळ्यात वापरत आणि पावसाळ्यात खुंटीला टांगून ठेवत, का तर भिजून खराब होते. घोडीला 'बाई' म्हणत आणि बायकोला 'ए'. जेवताना कुणी बोललेलं त्यांना खपत नसे, पण स्वतः पहिल्या घासापासून आचवेपर्यंत बोलत. गाव मान द्यायचं ते त्यांच्या जमिनीला. माणसाची थट्टाच व्हायची, तीही पाठीमागे, आणि ते त्यांना ठाऊक होतं. वरवर हसून घेत, पण मनाला फार लावून घेत.

आबांनी एकदा पत्त्यांचा एक जोड घरात आणला, आणि तो घरात टिकला तोही एका थट्टेपायीच. मी लग्न होऊन आले त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट, सासूबाईंनी सांगितलेली. नंदुरबारच्या एका जिनात, कापसातली सरकी काढायच्या गिरणीत, यंत्रांवर देखरेख करणारा गोरा साहेब होता. तो आपल्या मुलखात परत गेला तेव्हा बंगल्यातल्या सामानाचा लिलाव झाला. आबा गेले होते आरामखुर्ची आणायला, आले एक लाकडी डबी घेऊन. डबीत पत्ते. आखाजी तोंडावर आलेली. आखाजी म्हणजे आमच्याकडची अक्षय्यतृतीया. त्या दिवसांत लेकी माहेरी येतात, झाडाझाडांना झोके लागतात, आणि पुरुष भर चावडीत जुगार खेळतात, त्यांना कुणी काही म्हणत नाही. आबांना वाटलं, साहेबाचे पत्ते काढू, सगळे तोंडात बोट घालतील.

चावडीत डबी उघडली तर पत्त्यांत बदाम नाही, इस्पिक नाही. कुणावर पेले, कुणावर तलवारी, कुणावर सोटे, कुणावर मोहरा. आणि वर कितीतरी चित्रंच चित्रं: कुठे राजा, कुठे सांगाडा, कुठे वीज पडलेला मनोरा. बावन्नापेक्षा बरेच जास्त आणि कुठल्याच डावात बसेनात. चावडी हसून हसून लोळली. एक जण म्हणाला, "आबा, यास्नासंगे खेयतस नही, यास्नी आरती करतस."

झालं. आबा उठले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा नंदुरबार गाठलं. साहेबाचा जुना आचारी, एक म्हातारा गोवेकर, अजून तिथे होता. त्यानं सांगितलं की मडम रोज सकाळी चहाच्या आधी एक पान काढायची, त्याच्याकडे बघायची आणि दिवस कसा जाईल ते बोलायची. कशावरून बोलायची? ते त्याला माहीत नव्हतं. आबांची सगळी विद्या ही एवढी. पुस्तक नाही, गुरू नाही, पत्त्यांवर लिहिलेली अक्षरं वाचता येत नाहीत. दुसरा कुणी असता तर डबी चुलीत घातली असती. आबांनी परत येऊन चावडीला सांगितलं, हे खेळायचे पत्ते नव्हेत, हे बघायचे पत्ते आहेत, आणि मी ते शिकणार आहे.

शिकायची रीत त्यांनी स्वतःच काढली. सकाळी आंघोळ झाली, गंध लावलं, की ओसरीवर घोंगडी टाकून उगवतीला तोंड करून बसायचं. पुढ्यात पाट. पत्ते पिसायचे, एक काढून पाटावर ठेवायचा, बघायचा आणि बाजूला करायचा. त्या वेळी त्याचा अर्थ लावायचा नाही. दिवसभर जे काही घडेल त्यातलं मोठं जे असेल, तो त्या पानाचा अर्थ. तो संध्याकाळी ठरवायचा. पुन्हा कधी तेच पान निघालं की मग तो अर्थ लागू. "पान पहिले, अर्थ मांगे," असं ते कुणालाही ऐकवत, घोडीला खरारा करणाऱ्या गड्यालासुद्धा. ऐकायला ही रीत वेडगळ वाटते, पण मला कधी कधी वाटतं, आपण सगळेच असंच जगतो. फक्त पाटावर मांडून बसत नाही.

त्यामुळे त्या परक्या चित्रांना आमच्या गावातले अर्थ चिकटले. सांगाड्याचं पान, हातात विळा, खाली तुटकी मुंडकी. ते पहिल्यांदा निघालं त्या दिवशी आमची म्हैस व्याली आणि पारडी झाली. झालं, सांगाडा शुभ. आबा त्याला लाडानं 'हाडक्या' म्हणत आणि तो निघाला की गूळ वाटत. शेजारच्या गरवारशीच्या घरी ते पान दाखवायला स्वतः गेले होते, तिला धीर यावा म्हणून. त्या पोरीच्या सासूनं आबांना दारातून हाकललं, आणि ती पुढे वर्षभर आमच्याशी बोलली नाही. वीज पडलेला मनोरा निघाला त्या दिवशी सासूबाईंनी पुरणाचे मांडे केले होते, म्हणून मनोरा म्हणजे मांडे. मांडे करणं म्हणजे काय ते खानदेशातल्या बायकांना विचारा: हातावर हात फिरवत तो रुमालाएवढा पसरायचा आणि पालथ्या खापरावर टाकायचा, धुरात डोळे जाईपर्यंत. सकाळी सासूबाई आतून ओरडून विचारायच्या, "आज काय निंघनं?" आणि आबा म्हणायचे, "मनोरा." मग आम्ही दोघी एकमेकींकडे बघायचो. साहेबाच्या मुलखातल्या त्या मनोऱ्याला आम्ही दोघींनी दिलेल्या शिव्या त्यालाच ठाऊक.

एका पानावर एक माणूस पायाला दोर बांधून उलटा टांगलेला होता. आबांना ते सहन होईना. डबीतली सगळी पानं ते नेहमी एका दिशेनं लावून ठेवत; कुणी डोक्यावर उभं राहता कामा नये. म्हणून तेही पान त्यांनी फिरवून ठेवलं. अक्षरं उलटी झाली, माणूस सरळ झाला आणि एका पायावर नाचायला लागला. त्याचं नाव 'नाचऱ्या'. तो निघाला त्या दिवशी विहिरीवरचा नाडा तुटून मोट खाली गेली होती, तेव्हापासून नाचऱ्या निघाला की मोट बंद. एका उन्हाळ्यात तो इतक्यांदा निघाला की नदीकडची केळी उभी वाळली. माझ्या यजमानांचं तोंड आबांसमोर उघडायचं ते फक्त घास घालायला.

मी या सगळ्यात ओढली गेले ती नागव्या बायांमुळे. पत्त्यांत दोन-तीन बाया अगदी उघड्या होत्या, अंगावर चिंधी नाही. गंध लावून बसलेल्या माणसाच्या पाटावर रोज सकाळी असलं काही येणं बरं नव्हे. आबांनी ती पानं सासूबाईंकडे दिली आणि सांगितलं, "यास्ले लुगडा नेसाड." सासूबाईंना जवळचं दिसायचं नाही, म्हणून काम माझ्याकडे आलं. मी कणकेची खळ केली, माझ्या लग्नातल्या चोळीचा उरलेला हिरवा खण होता, त्याचे नखाएवढे तुकडे कापले आणि एकेकीला नीट नेसवलं. त्यातली एक नदीकाठी गुडघ्यावर बसलेली होती, दोन्ही हातांत दोन घडे, आणि पाणी ओतत होती. डोक्यावर चांदण्या. ती मला आवडली. तिला मी काठसुद्धा लावला.

आमच्यात सुनेनं सासऱ्यासमोर बोलायची रीत नव्हती. पदर ओढून घ्यायचा, दाराआड उभं राहायचं, काही सांगायचं असलं तर सासूमार्फत. आबांनी पान हातात घेऊन बघितलं, कौतुक वाटलं असावं, आणि दाराकडे न बघता विचारलं, "हाई बाई कोन शे?" मी पदर पुढे ओढला. ते म्हणाले, "पत्तासपुरतं बोल. बाकी तुन्ही सासूले इचार." म्हणजे मला सासऱ्याशी बोलायची परवानगी मिळाली ती एवढी, पत्त्यांपुरती. मी दाराआडून म्हटलं, "माहेरवाशीण व्हई. सासुरवाशिन्ले इतलं पानी वताले येळ कोठे शे?" आबा मोठ्यानं हसले. त्यांना असं हसताना मी पहिल्यांदा ऐकलं. आणि योग असा की दुसऱ्याच सकाळी ते पान निघालं आणि संध्याकाळी माझा भाऊ टोपलीभर आंबे घेऊन दारात उभा. त्या पानाचं नाव 'माहेरीण' पडलं आणि अर्थही तोच.

तेव्हापासून मी त्यांची जोडीदारीण झाले. कुठल्या पानाला कुठला दिवस लागला ते त्यांच्या लक्षात राहायचं नाही, माझ्या राहायचं. सकाळी ते पान ठेवून दाराकडे कान देत आणि मी आतून सांगे, चोरी, पाहुणा, मांडे, ताप. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. त्या घरात माझं डोकं कुणाला हवं होतं तर ते आबांना. श्रावणात एकदा माहेरीण निघाली. सणवार नाही, कुणी न्यायला आलेलं नाही, घरात निंदणीच्या बाया जेवायला. आबांनी स्वतः गाडी जुंपायला लावली आणि मला माहेरी पाठवलं. सासूबाई धुसफुसत राहिल्या. आईनं मला दारात बघितलं आणि तिला वाटलं, काहीतरी वाईट झालं. मी म्हटलं, काही नाही, पान निघालं. ती आबांना हात जोडून म्हणाली, असा सासरा दहा गावांत नाही. ते खरंच होतं.

मग ती आखाजी आली. आई महिनाभर आजारी असल्याचं कानावर होतं. न्यायला भाऊच येणार होता; सासुरवाशिणीला न्यायला येणाऱ्याला मुराळी म्हणतात, आणि त्याची वाट कशी बघतात ते मी काय सांगू. तो येणार त्या दिवशी मी कोंबड्याच्या आधी उठले. सणाआधी घर सारवायचं होतं. ते राहिलं म्हणून सासूबाईंनी एक दिवस अडकवायला नको, असं मनाशी धरून मी एकटीनं आतबाहेर सगळं सारवून काढलं. ओसरी शेवटी सारवली. आबा आंघोळ करून आले तेव्हा त्यांची जागा ओली होती. त्यांनी घोंगडी उचलली आणि पडवीत भिंतीला पाठ लावून बसले, उत्तरेकडे तोंड करून.

तेवढ्यात भाऊ आला. पाणी प्यायला आणि पहिलं हेच बोलला, "आबा, मायनी खाट धरेल शे. ताईनं नाव काढी ऱ्हायनी. दोन दिन धाडा." आबा म्हणाले, धाडतो की, बस. पत्ते पिसले. पान काढून पाटावर ठेवलं. मी दाराच्या फटीतून बघत होते. हिरवा खण मला लांबूनही ओळखू आला. माहेरीण. मी आत वळलेसुद्धा, गाठोडं बांधायला.

मागून आवाज येईना म्हणून परत आले. आबा पानाकडे बघत होते आणि त्यांचा चेहरा उतरला होता. त्यांनी हातानं दिशा दाखवली, आधी पानाच्या डोक्याकडे, मग पायांकडे. "पाय दखनले शेतस," ते म्हणाले. "मढाले असं ठेवतस."

आमच्यात दक्षिणेला पाय करून कुणी झोपत नाही. ती यमाची दिशा. मेलेल्या माणसाला तसं निजवतात, उत्तरेला डोकं, दक्षिणेला पाय. लहान मूल झोपेत फिरलं तरी आई उठून त्याला सरळ करते. पण ते मूल असतं. इथे कागदाचं पान होतं, आणि उत्तरेला तोंड करून बसलेल्या माणसानं ते स्वतःच्या हातानं सरळ ठेवलं होतं.

भावाला ते लगेच समजलं. शांतपणे म्हणाला, "आबा, आज तुम्ही तोंड फिराईसन बठनात, म्हनीसन पानबी फिरनं. ओसरीवर व्हतं तर असं नही व्हतं."

"ओसरी ओली काब्रं व्हती आजच?" आबांनी विचारलं. त्यांना त्याचं उत्तर मिळालं होतं: आजच पान असं पडायचं होतं म्हणून.

मी पदर ओढला आणि दाराबाहेर आले. बोलायची मुभा पत्त्यांपुरती होती आणि हे पत्त्यांचंच होतं. म्हटलं, "आबा, उगवतले तोंड करी बठा, अन पुन्हा मांडा."

"एकदाव निंघनं ते निंघनं," आबा म्हणाले. "पोरी, तू नदी उतरशी अन काही व्हई गयं तर मी तुन्ह्या मायले काय सांगू?"

हे मी विसरू शकत नाही. ते माझ्यासाठी घाबरले होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांनी भावाला आग्रहानं जेवू घातलं, आईसाठी नवं लुगडं दिलं, घरची डांगरं, म्हणजे खरबुजं, दिली आणि सांगितलं, "आखाजी व्हई जाऊ दे. मी सोता लई येसू तिले." सासूबाई खाली बघून भाजी निवडत होत्या. माझे यजमान शेतावर होते, आणि असते तरी काय फरक पडता. भाऊ रिकामी गाडी घेऊन गेला. मी गाठोडं सोडलं आणि घड्या पुन्हा फळीवर ठेवल्या.

आखाजीच्या दिवशी गावभर पोरी झोक्यावर होत्या. मी चूल सोडली नाही. दुसऱ्या दिवशी माहेरचा गडी निरोप घेऊन आला. आई गेली होती.

आबा खाली बसले, दोन्ही हातांत डोकं धरलं. मग हळूच म्हणाले, "पान खोटं बोलनं नही." मला आधी कळलंच नाही ते काय म्हणताहेत. ते सांगत होते, माहेरीण निघाली, मढ्यासारखी निजलेली निघाली, म्हणजे मरण माहेरात होतं. पान त्यांनी वाचलं होतं, फक्त कुणाचं मरण ते चुकलं. शिकाऊ माणसाची चूक. गोळा झालेल्या माणसांना त्यांनी हे सगळं समजावून सांगितलं, रडत रडत, आणि शेवटी म्हणाले, "पन मन्ही सून वाची गयी."

ज्या गावानं त्यांना हसून हसून बेजार केलं होतं, ते त्या दिवशी हसलं नाही. आबांची थट्टा संपली ती माझ्या आईच्या मरणावर.

पुढे तर गाड्या यायला लागल्या. शेजारच्या गावचे पाटील, नदीपलीकडचे गुजर, कोण कोण. आबा कुणाकडून सुपारीचं खांडसुद्धा घ्यायचे नाहीत. बियाणं, खटला, सोयरीक, सगळं विचारायचे लोक, पण सगळ्यात जास्त विचारायचे ते एकच: सुनेला माहेरी धाडू का? त्या प्रश्नाला आबा मुद्दाम पडवीत बसत. त्यांनी ठरवून टाकलं होतं की उगवतीला बसलं की दिवस कळतो आणि उत्तरेला बसलं की मरण. आता उत्तरेला तोंड करून बसल्यावर कुठलंही पान सरळ ठेवलं तरी त्याचे पाय दक्षिणेलाच येणार. राजा असो, हाडक्या असो, पाय दक्षिणेला. शेंबड्या पोराला कळावं. आबांना कळलं नाही. दर वेळी ते नव्यानं दचकत आणि म्हणत, पाय दखनले, धाडू नका.

आणि आलेल्यांनाही ते कळत नव्हतं असं मला वाटत नाही. त्यांना नाही म्हणायला तोंड हवं होतं. ऐन वैशाखात, घरातलं काम टाकून सून चार दिवस झोके घ्यायला जाणार हे कुणाच्या सासूला आवडतं? आता पान सांगत होतं, त्याला कोण काय करणार. पंचक्रोशीतल्या कितीतरी पोरींची आखाजी आमच्या पडवीत बुडाली. मी एकदा यजमानांना हे पायांचं गणित सांगितलं. ते म्हणाले, तू कशाला त्यात पडतेस.

मी पडलेलीच होते. आबा पाहुण्यांना सांगत, "हाईच ती," आणि मला चहा घेऊन पुढे यावं लागे. मी जिवंत उभी आहे हा त्यांचा पुरावा. माणसं माझ्याकडे देवळातल्या खांबाकडे बघावं तशी बघायची. एकदा एक पोरगी सासऱ्याबरोबर आली होती, माझ्याहून लहान, पोटुशी. आबांनी नाही म्हटलं तेव्हा तिनं माझ्याकडे बघितलं, मी काही बोलेन म्हणून. मी कपबशा उचलून आत गेले. पत्त्यांपुरतं बोलणंसुद्धा मी बंद केलं होतं. आबा दाराकडे कान देत, "हाई कसानं पान व्हतं?" विचारत, आणि मी म्हणे, आठवत नाही. मला सगळं आठवत होतं. अजून आठवतं.

आबा गेले ते पिकल्या पानासारखे, कुणाला त्रास न देता. त्यांच्या चितेवर सासूबाईंनी ती डबी ठेवायला लावली. मी हरकत घेतली नाही. आजही त्या बाजूचं कुणी भेटलं की म्हणतं, तुमच्या सासऱ्यांच्या वाणीला सत्य होतं हो. मी मान हलवते. राग येतो मला. आबांचा येतो, माझ्या त्या मान हलवण्याचाही येतो.

पण मला आबा म्हटलं की आठवतात ते आईचं तेरावं करून परतताना. निरोप आला तसं त्यांनीच मला माहेरी नेलं होतं, बैल पळवत, आणि तरी आम्ही पोचलो तेव्हा आईला नेऊन झालं होतं. तेराव्याला ते पुन्हा आले, पंगतीत वाढायला उभे राहिले, माझ्या भावाला पोटाशी धरून रडले. निघताना भावानं मला बाजूला घेतलं. आई शेवटपर्यंत शुद्धीवर होती. सारखी विचारायची, ताई आली का. त्यानं सांगितलं, निघाली आहे, नदीला पाणी आलंय, उतार मिळत नाही. आईचा सगळा जन्म तापीच्या काठावर गेलेला. वैशाखात तापीला किती पाणी असतं ते तिला का माहीत नव्हतं? तिनं त्याच्याकडे बघितलं आणि पुन्हा विचारलं नाही.

ते पोटात घेऊन मी गाडीत बसले होते. आबा पुढे, मी मागे, पाठीला पाठ. गाडी नदीत उतरली. चाकाच्या आऱ्यांपर्यंतसुद्धा पाणी नव्हतं. वाळूत टरबुजांचे वेल वाळून गेले होते, पलीकडे कुणीतरी म्हशी धूत होतं. मध्यावर बैल पाणी प्यायला थांबले, आणि आबांनी इतका वेळ मनात घोळवलेलं विचारलं.

"पोरी, जीव गया तवय तुन्ही मायनं डोकं कोनीकडे व्हतं?"

मी डोक्यावरचा पदर मागे सारला आणि वळून त्यांच्याकडे बघितलं. सासऱ्याच्या तोंडाकडे असं सरळ मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं. ते खरोखर उत्तराची वाट बघत होते.

"मी तठे नव्हतू, आबा."

ते विचारात पडले. काही क्षण मला वाटलं, आता त्यांना कळलं. त्यांनी मान हलवली, बैलांच्या पाठीवर हात ठेवला आणि मागे, नदीच्या त्या काठाकडे बघितलं.

"भाऊले इचारी लेवाले पाहिजे व्हतं," आबा म्हणाले, आणि गाडी हाकली.